मधलं नाव

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आमच्या संस्थेच्या लोणावळ्यातल्या दवाखान्यात मागच्या सोमवारी एक बाई इंजेक्शन दिल्यावर वीस मिनिटांत वारल्या. जैतुनबी नवाज मुलाणी, राहणार उर्से, वय शेहेचाळीस. त्यांना पेनिसिलीन चालत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी उर्स्याच्या उपकेंद्रात तसं सांगून नोंदवलं होतं, असं घरचे म्हणतात. त्या दिवशी बाई तापात होत्या, सोबतीला आलेल्या शेजारणीला काही माहीत नव्हतं आणि संगणकावर 'ॲलर्जी: नाही' असं दिसत होतं. डॉक्टरांचं काय चुकलं ते पाहायला दुसरी समिती आहे. संगणकावरची नोंद कुठे गेली ते शोधण्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणून लिहायला बसले आहे. अहवालाची वही वेगळी. त्यात मत लिहायचं नसतं. ते इथे.

रुग्णनोंदणीचं वेब ॲप्लिकेशन अबरार तांबोळीने बांधलं. वय तेहतीस, माझा विद्यार्थी. मी बी.एस्सी. झाले १९८१ साली, गणित घेऊन. आधी प्राथमिक शाळेत शिकवलं, मग संगणकाचा कोर्स करून लोणावळ्यात कॉलेजच्या मुलांना वीस वर्षं तोच विषय शिकवला. संस्थेत संगणकाचं काही निघालं की माझ्याकडे येतं ते यामुळे.

ॲप्लिकेशनच्या पोटात एक लायब्ररी आहे. पुन्हा पुन्हा लागणारी छोटी फंक्शनं एका फाईलीत बांधून ठेवलेली. अबरारने फाईलीचं नाव 'गाठोडं' ठेवलं आहे. एकतीस फंक्शनं. एकाचंही लेखी वर्णन नाही, एकाचीही चाचणी नाही. प्रत्येक फंक्शन काय घेतं, काय देतं, कुठे चुकतं ते मी लिहायचं आणि चाचण्या करून दाखवायचं. मुदत २४ तारखेची. त्या दिवशी नोंदींची चौकशी करणारी समिती (मीही तिच्यात आहे) ठरवणार की अबरारविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची का. त्यानंतर सगळं काम पुण्याच्या एका कंपनीकडे जाईल.

संस्थेचे आणि या समितीचेही अध्यक्ष अनंतराव म्हणाले, "बाई, दोष सापडला की दोषी आपोआप सापडतो."

वाक्य चांगलं वाटलं.

५ नोव्हेंबर

अबरार दहाला यायचा तो साडेदहाला आला. दाढी वाढलेली. मी घड्याळाकडे पाहिलं.

"तळेगावची लोकल चुकली, बाई."

"लोकल वेळेवर गेली. तू चुकलास."

तो हसला नाही. एरवी हसला असता.

आज चार फंक्शनं झाली. नावं त्याने मराठीतच ठेवली आहेत, अक्षरं इंग्रजी, एवढंच. 'फोनसाफ' नंबरातल्या रिकाम्या जागा, पुढचं शून्य आणि ९१ काढतं. मी त्याला एकोणीस प्रकारचे नंबर दिले. सोळा जमले. एकाच रकान्यात दोन नंबर लिहिले तर दोन्ही चिकटवून वीस आकडी नंबर करतं.

"वीस आकडी फोन कोणाचा असतो रे?"

"देवाचा असेल, बाई."

हे बोलला आणि लगेच पुढचं फंक्शन उघडलं. बाहेर रुग्णांच्या रांगेत कोणीतरी खोकत होतं.

७ नोव्हेंबर

नोंदणीच्या खिडकीवर यशोधरा बसते. तिथे तासभर खुर्ची टाकून बसले. लोक माहिती कशी देतात ते पाहिल्याशिवाय चाचणी लिहिता येत नाही.

"नाव काय आजी?"

"लिव की तुला म्हाईत हाय ते."

"जन्मतारीख?"

"म्हामारी आली व्हती त्या साली."

यशोधरा आधार कार्ड मागते, त्यावरची तारीख पाहून घालते आणि कार्ड परत करते. आधारचा नंबर आम्ही नोंदवत नाही, तो संस्थेचा नियम.

रांग सरल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी पण मीच होते हितं. स्क्रीनवर 'नाही' होतं. मी दहांदा आठवून पाहिलं. 'नाही'च होतं."

"मग तसंच सांग."

"माझं नाव येईल का हो?"

मी म्हटलं, खरं सांगणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

१० नोव्हेंबर

आज 'एकचका', म्हणजे 'एकच का?'. गाठोड्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं. आमची तीन उपकेंद्रं आहेत. एकच माणूस दोन ठिकाणी जातो आणि त्याच्या दोन नोंदी होतात. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, ते हे फंक्शन ठरवतं.

चाचणीसाठी बारा काल्पनिक माणसं तयार केली. नावं, आडनावं, गावं, जन्मतारखा. अबरारने यादी वाचली आणि थांबला.

"बाई, बाराही जण एक जूनचे?"

पाहिलं तर खरंच. हाताला सवय. शाळेत असताना ज्या मुलांच्या तारखा घरच्यांना सांगता येत नसत त्यांना आम्ही एक जून लावायचो. जूनमध्ये शाळा सुरू होते, वय बरोबर बसतं, कोणाची तक्रार नसते. पुढे आधार कार्डावरही तीच चढते.

"चाचणीची माहिती अशी सरसकट चालत नाही," मी म्हटलं आणि बारा जणांना बारा वेगळ्या तारखा घातल्या.

तो काहीतरी बोलणार होता. मग पाणी प्यायला उठला.

११ नोव्हेंबर

'एकचका'च्या चोवीस चाचण्या, चोवीसही बरोबर. नाव, आडनाव आणि जन्मतारीख ही तीन जुळली की हो, नाहीतर नाही. फोन जुळवत नाही, कारण एका घरात एक फोन आणि सहा माणसं. अहवालात लिहिलं: फंक्शन निर्दोष.

दोष पुढच्यात सापडला. 'जोड'. एकचकाने 'हो' म्हटलं की हे फंक्शन दोन नोंदींची एक करतं, पूर्ण नाव पहिल्या नोंदीचं ठेवतं आणि बाकी जिथे फरक असेल तिथे नंतरच्या तारखेची माहिती ठेवतं. जुन्या नोंदीत 'ॲलर्जी: पेनिसिलीन' आणि नव्या नोंदीत 'नाही' असेल, तर 'नाही' राहतं. चाचणी करून पाहिली. एका क्षणात पुसलं गेलं.

"अबरार, पत्ता बदलतो. ॲलर्जी बदलते का?"

"नाही, बाई."

"मग हे काय केलंस?"

"नाव सोडून सगळ्या रकान्यांना एकच नियम लावला. विचार केला नाही."

निदान सबब सांगितली नाही. दोष त्याच्या नावावर लिहिला.

जैतुनबींच्या नोंदीत असंच झालं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये उर्स्याची नोंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये आंबीच्या उपकेंद्रातली दुसरी, तिथे 'ॲलर्जी: नाही'. दोन्हींची एक झाली, मधलं नाव पहिल्या नोंदीचं राहिलं. पण घरचे म्हणतात, ती आंबीच्या उपकेंद्रात कधी गेलीच नाही.

अनंतरावांना फोन केला. ते म्हणाले, "गेली असेल. बायका सगळंच घरी सांगतात का?"

१३ नोव्हेंबर

एक गोष्ट खटकत होती. एकचका मधलं नाव का पाहत नाही?

"काढलं मी," अबरार म्हणाला.

"का?"

"सुचलं तसं."

"सुचलं तसं हे कारण होत नाही. दहावीच्या मुलाने लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

"द्या ना शून्य. बाई, मी लेखीच देतो. एकचका माझं, जोड माझं, चूक माझी. तुम्ही खालती सही करा आणि हे बंद करा. अम्मी रोज विचारते की काय झालं."

मला त्याचा रागच आला. कबुली द्यायची घाई झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. परीक्षेत कॉपी सापडली की अशीच करतात, कारण आत आणखी चिठ्ठी असते. तसं त्याला म्हटलं.

मधलं नाव 'विनाकारण' काढल्याचं त्याच्या नावावर लिहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

उर्स्याला गेले. आंबीचं विचारायचं होतं आणि भेटायलाही हवं होतं, वीस दिवस झाले. टोलनाक्याच्या अलीकडे आत वळलं की घर. ट्रकांचा आवाज घरात येतो.

जैतुनबींची मुलगी महेक, वीस वर्षांची, दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही. मी संस्थेकडून आले आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "परत कशाला?" तेवढ्यात तिचे आजोबा, जैतुनबींचे वडील इब्राहिमभाऊ, आतून बोलले, "कोन हाय गं?"

"दवाखान्याकडनं आल्यात."

म्हातारा भिंत धरत बाहेर आला. माझ्याकडे बघत राहिला.

"दवाखान्याच्या कुटं? ह्या तर साळंतल्या बाई."

मी ओळखलं नाही.

"वळखलं न्हाई व्हय? माज्या जैतूनला पयलीत तुमीच घातली. माजा अंगठा बी तुमीच धरून उठवला. तवा तुमी लय बारीक व्हता."

माझी पहिली नोकरी, डोंगराकडच्या गावात. १९८५. मुलाण्यांची चार घरं होती तिथे.

मी बसले. आंबीचं विचारलं.

"आंबीला ही कशाला जाईल? आंबीला धाकटी असती."

"कोण धाकटी?"

"धाकटी जैतून. माज्या भावाची, दस्तगीरची. आमची आई जैतुनबी. ती गेली त्या साली मला पोरगी झाली आनि दोन म्हैन्यांनी दस्तगीरला. दोगांनी बी आईचंच नाव ठिवलं. भांडलो बी त्यापायी, पर कोन सोडंना. तुमीच तर हजेरी घेताना म्हनायच्या, थोरली जैतून, धाकटी जैतून."

आठवलं. एकाच पाटावर बसायच्या. एक बोलायची, दुसरी तिच्याकडे पाहून मान हलवायची.

"पण लग्नानंतर आडनाव..."

"दोगी बी घरातच दिल्या, चुलत्यांच्या पोरांना. आडनाव कुटं जातंय?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं. विचारलं. "जन्मतारीख?"

"ती तुमाला म्हाईत. मी म्हनलं, माजी आखाडातली, दस्तगीरची गनपतीतली. तुमी म्हनला, लय घोळ नको भाऊ, दोगींना एक जून लिवते."

आतून एक बाई चहा घेऊन आली. ती बोलायच्या आधीच मी ओळखलं, मान तीच.

"आंबीच्या दवाखान्यात तुम्ही गेला होता का, फेब्रुवारीत?"

"मागल्या साली व्हय. ताप आलता. मला काय कसलं बी इंजेक्शन चालतंय, बाई." मग तिने कप खाली ठेवला. "का इचारताय?"

मी उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षं मुलांना उत्तर द्यायला लावलं आणि मी उत्तर दिलं नाही. चहा पिऊन निघाले.

१७ नोव्हेंबर

दवाखान्यात पोचल्या पोचल्या पंचविसावी चाचणी लिहिली. जैतुनबी मुलाणी, १ जून १९७९. जैतुनबी मुलाणी, १ जून १९७९. एकचका म्हणालं: हो.

माझ्या चोवीस चाचण्यांत हे आलं नाही, कारण एक जून मी स्वतः खोडला होता.

मग गाठोड्याच्या बदलांचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं आणि का, हे त्यात राहतं. हे शिकवणारी मीच. आधी का उघडला नाही? कारण अबरारने 'मी काढलं' म्हटलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं.

१४ मार्च २०२३. 'मधलं नाव जुळवणं काढलं. अरुंधतीबाईंनी सांगितलं: लग्नानंतर बायकांचं मधलं नाव बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, एकीचे दोन केसपेपर होतात.' हेच फंक्शनच्या डोक्यावरही लिहिलेलं होतं. तिथून ते अबरारने २८ ऑक्टोबरला पुसलं. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी.

आता आठवतं. मीटिंगनंतर उभ्या उभ्या सांगितलं होतं. "अरे, एवढंही कळत नाही?" असंही म्हटलं होतं. सगळे हसले होते. सांगितलं ते चूक नव्हतं. अपुरं होतं. आणि ज्या दोन मुलींना मी रजिस्टरात बापाच्या नावाने वेगळं लिहिलं, त्या मला तेव्हा आठवल्या नाहीत.

दुपारी अनंतरावांना म्हटलं, जोड आत्ता बंद करायला हवं, तिन्ही उपकेंद्रांत अजून चालू आहे. ते म्हणाले, "२४ पर्यंत हात लावू नका. पुरावा आहे तो."

पुराव्याची प्रत काढली, यशोधराला साक्षीला उभं केलं आणि जोड बंद केलं. वेळ: तीन वाजून दहा मिनिटं.

१८ नोव्हेंबर

अबरारला बोलावलं. इतिहासाचं पान समोर ठेवलं.

"का पुसलंस?"

"त्यांना एक नाव हवं होतं, बाई. दोन कशाला द्यायची?"

"इतिहासात राहतं हे माहीत नव्हतं?"

"तुम्हीच शिकवलंय. वाटलं, तिथपर्यंत तुम्ही जाणार नाही."

"मी पेपर शेवटच्या पानापर्यंत तपासते."

"हो ना. म्हणून तर रोज भीती वाटत होती."

मी त्याला सांगितलं की एकचकातला दोष त्याच्या नावावरून काढते आहे. जोडमधला तसाच राहील, तो त्याचाच आहे आणि तो लहान नाही. त्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "जोड दुरुस्त करू का?" आणि आम्ही कामाला लागलो.

त्याची माफी मागायला हवी होती. तेव्हा सुचलं नाही.

२० नोव्हेंबर

त्या शाळेत जाऊन आले. १९८५ चं प्रवेशाचं रजिस्टर कपाटात आहे. मुख्याध्यापिका रेणुका म्हणून आहेत, चटपटीत. लागेल तेवढंच विचारून प्रत शिक्का मारून दिली. जैतुनबी इब्राहिम मुलाणी. जैतुनबी दस्तगीर मुलाणी. एकाखाली एक. अक्षर वळणदार आहे. त्या पानावर तेवीस मुलं आणि सतरा एक जून.

२२ नोव्हेंबर

नाव, आडनाव आणि एक जून जुळून पण मधलं नाव वेगळं असून जोडलेल्या नोंदी सदतीस निघाल्या. यंत्राला कळत नाही, म्हणून यशोधराने आणि मी तीन दिवस फोन केले. सव्वीस ठिकाणी खरंच एकच बाई होती. अकरा ठिकाणी दोन माणसं. त्यातली एक कामशेतकडची. तिला चार महिने दुसरीच्या साखरेच्या गोळ्या जात होत्या. तिला आज बोलावून घेतलं. चक्कर येते म्हणाली, वयामुळे असेल असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी अनंतराव घरी आले. चहा नको म्हणाले.

"बाई, रजिस्टर कशाला मध्ये आणता? मेलेली बाई त्यांच्यातली, पोरगाही त्यांच्यातला. आपसात मिटेल. तुमचं नाव घालून संस्थेची अब्रू जाईल."

"नियम मी सांगितला."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणते आहे."

"चौसष्टाव्या वर्षी चौकशीला उभं राहायचंय का?"

मी दार उघडून उभी राहिले. त्यांना चप्पल सापडायला वेळ लागला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी बारा वाजता समितीला सुपूर्द केलं, ते असं.

एकतीस फंक्शनांची वर्णनं, एकशे अठरा पानं. चाचण्या दोनशे चौदा, सगळ्या चालवून दाखवल्या. एकचका आता तीन उत्तरं देतं: हो, नाही, विचारा. मधलं नाव वेगळं असेल तर 'विचारा' येतं आणि खिडकीवरच्या माणसाने विचारायचं असतं, तुमच्याच नावाचं घरात आणखी कोण आहे का. पंचविसाव्या चाचणीचं नाव 'थोरली-धाकटी' ठेवलं आहे. पुण्याच्या कंपनीने ते बदलू नये असं वर्णनात लिहिलं आहे, बदलतील. सदतीस नोंदींची यादी, फोनच्या तारखांसह. १७ तारखेला जोड बंद केल्याची नोंद, खाली यशोधराची सही. बदलांचा इतिहास, छापील, २८ ऑक्टोबरचा बदलही त्यात. तो अबरारने केला आणि का केला, हे त्याच्या सहीने. जोडमधला दोष: अबरार तांबोळी. एकचकातला दोष: अरुंधती, माझं पूर्ण नाव, मधल्या नावासह. रजिस्टरच्या पानाची प्रत. समितीतला माझा राजीनामा.

अनंतरावांनी पोच दिली नाही, वाचून मग देऊ म्हणाले. यशोधराने नोंदणीच्या खिडकीचा शिक्का मारून दिली. तक्रारीचा निर्णय पुढे गेला आहे. तक्रार झाली तर दोन नावांची होईल.

तीन वाजता उर्स्याला गेले. जैतुनबींच्या घरी मृत्यूचा दाखला आला होता, त्यावरही जन्मतारीख तीच, एक जून. जे झालं ते सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. इब्राहिमभाऊ ऐकत होते. धाकटी उठून आत गेली. अहवालाची एक प्रत आणि रजिस्टरच्या पानाची एक प्रत महेकच्या हातात दिली. तिने तारखेवर बोट ठेवलं.

"ही खरी आहे?"

"नाही."

"मग खरी कुठली?"

"आषाढातली. दिवस मी तेव्हा विचारला नाही."

तिने कागद दुमडून घेतले. पोच मी मागितली नाही.